चंडोलवाट, घर क्रमांक चौदा

एलेरूप, १४ एप्रिल १९५८

प्रिय डागमार,

तुझी सुकी मासळी पोचली. पोस्टमनने ती पिशवी हातभर लांब धरून आणली आणि म्हणाला, तुमच्या बहिणीचं पार्सल नाव न वाचताच कळतं. मी म्हटलं, पश्चिम किनाऱ्यावर कोळ्याच्या घरात दिलेली बहीण आहे, गुलाबाचा वास कुठून आणणार? येन्सला सांग, मासळी नेहमीसारखीच झकास आहे.

इथे एक नवीनच भानगड सुरू झाली आहे. गेल्या आठवड्यात शहरातून दोन माणसं आली. पायात पातळ बूट, हातात तिपाई. माझ्या बिटाच्या शेतात उभं राहून एक डोळा मिटून बघत होती. मी विचारलं, काही हरवलंय का? तर एकजण म्हणाला, नाही, मोजतोय. कुणी सांगितलं मोजायला? तर म्हणे, इथून कोपनहेगन गाडीने पाऊण तासावर आहे. जणू ती माझीच चूक.

मग परवा सभाघरात सगळं गाव जमलं. बांधकाम कंपनीच्या माणसाने भिंतीवर नकाशा लावला. दोनशे घरं, दुकानं, शाळा. आपलं तळं होतं त्यात, पण भोवती बाकडी मांडलेली. आपलं घर शोधत होतो, ते काही सापडेना. तुला माहीत आहे, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी उठलो आणि म्हणालो, एलेरूपच्या मातीला हात लावायचा असेल तर आधी माझ्या अंगावरून जावं लागेल. टाळ्या पडल्या गं. तुझ्या एलेनवहिनीने घरी आल्यावर म्हटलं, छान बोललास, आता गाईंकडे बघ.

परत येताना व्हाल्डेमार हद्दीच्या दगडापर्यंत सोबत होता. त्याचं शेत आणि आपलं शेत यांच्यामधला तो दगड, ज्यावरून तू पडून दात पाडला होतास. तिथे थांबून त्याने हात पुढे केला. म्हणाला, "जमीन विकायची तर तुझ्याआधी मी नाही, माझ्याआधी तू नाही." मी हातावर हात मारला. बाजारात गाय विकताना मारतात तसा, आवाज येईल असा. त्यानंतर कागद कशाला लागतो?

बायको गेल्यापासून तो फार कमी बोलतो. पण तुझी चौकशी केली. पस्तीस वर्षांपूर्वी तळ्याकाठी तू त्याला नाही म्हणालीस आणि कोळ्याबरोबर गेलीस, तरी गडी दर नाताळात तुला पत्र पाठवतो. एवढा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुझा भाऊ,
लाउरित्स


थ्युबोरोन, ९ मे १९५८

प्रिय लाउरित्स,

तुझं पत्र येन्सला मोठ्याने वाचून दाखवलं. सभाघरातलं भाषण दोनदा. तो म्हणतो, तुझा भाऊ असा कधीपासून झाला? मी म्हटलं, आमच्याकडे सगळे असेच आहेत, फक्त उशिरा कळतं.

इथे वाळू आणि वारा याशिवाय काही नाही. पस्तीस वर्षं झाली, अजून खिडकीतून बघताना मला वाटतं, आत्ता सहकारी डेअरीच्या गाड्या येतील, दुधाचे डबे खडखडतील. तिथे गाव आहे म्हणून मी इथे राहू शकते, हे येन्सला कसं सांगू? त्याला वाटेल मी तक्रार करते.

तुला एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. मी निघाले त्या सकाळी व्हाल्डेमार स्टेशनवर आला होता. रागावला नव्हता. माझी पेटी डब्यात चढवली आणि म्हणाला, तू जा, गाव मी सांभाळतो, तुला यावंसं वाटेल तेव्हा असेल तसंच. बाकीची मुलं तेव्हा काय काय कविता करायची. मला हे एक वाक्य पुरलं.

तेव्हा हात मारला आहे तो पाळा दोघांनी. त्याच्यासाठी वेगळी मासळी ठेवली आहे. अर्धी स्वतः खाऊन टाकू नकोस.

डागमार


एलेरूप, ३ मार्च १९५९

प्रिय डागमार,

बरेच महिने लिहिलं नाही. गुडघे धरले होते, आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं. ईस्टरला स्वेन येणार आहे. तुझ्या भाच्याला कोपनहेगनमध्ये नकाशे काढण्याच्या कचेरीत कायमची नोकरी लागली. शेत नको म्हणतो. तोंडावर म्हणाला नाही, आईजवळ म्हणाला.

आता मुख्य गोष्ट. काल सकाळी उठून बघतो तर व्हाल्डेमारच्या शेतात लाल खुंट्या. मोठ्या रस्त्यापासून थेट त्याच्या गव्हापर्यंत, दोरीत ओवल्यासारख्या. दुपारी यंत्र आलं आणि चर खणायला लागलं. गावात सगळे गप्प. दुकानात व्हाल्डेमार पाव घ्यायला आला तर दुकानदारीण नेहमी राय धान्याचा काळा पाव कापून देते, काल तिने अख्खा पाव ठेवला आणि आत गेली.

काय समजायचं ते समज. मी त्याच्याशी बोललो नाही.

लाउरित्स


थ्युबोरोन, १२ मार्च १९५९

लाउरित्स,

समजले.

कालच त्याचं पत्र आलं होतं. तुझं आधी वाचलं ते बरं झालं. त्याचं फोडलं नाही. पाकिटावर 'परत' असं लिहून पोस्टमनच्या हातात दिलं. तो म्हणाला, बाई, पत्ता तर बरोबर आहे. मी म्हटलं, पत्ता बरोबर आहे, माणूस चुकला.

तुला वाटेल, एवढं काय. एक शेत. पण मी त्या माणसाच्या शब्दावर इथे छत्तीस वर्षं काढली, लाउरित्स. नवऱ्याच्या नव्हे, मुलांच्या नव्हे. तो तिकडे सांभाळतोय, एवढंच डोक्याखाली घेऊन झोपत होते.

तू हरलास तरी तुझी मान ताठ आहे. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

येन्सला झटका आला. डावा हात आणि पाय गेला. बोटीवर आता आमचा धाकटा मुलगा जातो. मला इथून हलता यायचं नाही.

डागमार


एलेरूप, २० ऑक्टोबर १९६३

प्रिय डागमार,

तू विचारतेस गाव कसं आहे. तर ऐक.

आता आमच्याकडे रस्त्यांना नावं आहेत. पूर्वी माणसाचं नाव सांगितलं की घर सापडायचं. आता चंडोलवाट, ससेवाट, टिटवीवाट. ज्या ज्या प्राण्याला हाकललं त्याच्या नावाची पाटी लावली आहे. चंडोल मी दोन वर्षांत ऐकला नाही, पण पाटी सुरेख आहे, निळी.

मीही विकलं शेवटी. काय करणार, चहूबाजूंनी घरं आली, गाई कुठे चारू? आपलं घर पाडताना मी गेलो नाही, एलेन गेली. चुलीवरची फरशी तेवढी उचलून घेऊन आली. आता आम्ही चंडोलवाटेवर चौदा नंबरला राहतो. पिवळ्या विटांचं घर, पुढे रुमालाएवढी बाग. हे घर म्हणजे माझं बिटाचं शेतच. बिटं काढून मला लावलं आहे.

डेअरी बंद झाली. तिथे केस कापायचं दुकान आहे. तळं आहे, बाकडीही आहेत, नकाशात होती तशी. हिवाळ्यात गोठतं पण त्यावर जायला बंदी.

शेजारी सोळा नंबरला एक शिक्षक आणि त्याची बायको. कार्स्टेन आणि लोने. माणसं चांगली, सकाळी सातला निघतात, संध्याकाळी सहाला येतात. त्याला बाग खणताना हद्दीचा दगड सापडला. फार आवडला त्याला. पांढरा रंग देऊन दारात ठेवला आणि वर काळ्या अक्षरांत सोळा लिहिलं. मला बोलावून दाखवला. मी म्हटलं, छान दिसतो.

व्हाल्डेमार इथे नाही. रोस्किल्डला मुलीकडे गेला. कुणाचा निरोप घेतला नाही.

येन्सच्या आजारपणात तुला यायला जमत नाही हे एका परीने बरंच आहे. येऊ नकोस. तुला बघवणार नाही.

लाउरित्स


थ्युबोरोन, ११ फेब्रुवारी १९६५

प्रिय लाउरित्स,

येन्स शनिवारी गेला. सहा वर्षं खुर्चीतून समुद्राकडे बघत होता, शेवटच्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. दफन झालं, झेंडा अर्ध्यावरून पुन्हा वर नेला, लोक कॉफी पिऊन गेले. तुम्ही दोघं आलात, त्याचा मोठा आधार वाटला. तू फार गप्प होतास. वय झालं तुझं.

तुम्ही गेल्यावर त्याचं पत्र आलं. व्हाल्डेमारचं. काळ्या काठाचं पाकीट, दुखवट्याचं. मार्चमधलं ते पहिलं, मग दर नाताळात एक, असं धरून हे आठवं. आठही परत. या वेळी हात जरा थांबला, खोटं कशाला बोलू. पण सात परत केल्यावर आठवं ठेवून घेतलं तर त्या सातांना काय अर्थ राहतो?

मुलं म्हणतात, आता मोकळी झालीस, जा गावी. मी जात नाही. डोळे मिटले की मला अजून सगळं सरळ दिसतं. स्टेशनवरून उजवीकडे, डेअरी, मग लोहाराच्या कुंपणातला एल्डरच्या झुडपांचा झाडोरा, मग तळं, मग आपलं फाटक. ते मोडायला मी तिकीट काढू का?

डागमार


चंडोलवाट १४, १० जानेवारी १९७१

प्रिय डागमार,

येत्या सतरा एप्रिलला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. एलेन म्हणते तुला कळवायचं, म्हणून कळवतो.

तुला आमची पंचविशी आठवते? सेहेचाळीस साल, युद्ध नुकतंच संपलेलं, कॉफीच्या नावाने चिकोरी. पहाटे आम्ही जागेच, पण अंथरुणात डोळे मिटून पडलो होतो, झोपलोय असं दाखवायला लागतं ना. बाहेर दारावर कमान बांधायचा ठोकठोक आवाज, शिव्या, दबलेलं हसू. मग बाजा वाजला आणि आम्ही दचकल्यासारखं करून दार उघडलं. दारावर स्प्रूस झाडाच्या हिरव्या डहाळ्यांची एवढी मोठी मानाची कमान, वर चंदेरी कागदाचे पंचवीस. शेजाऱ्याचा मान, म्हणून व्हाल्डेमारने ती स्वतःच्या झाडांची केली होती. शिडीवरून उतरताना म्हणाला, सोन्याची पण मीच बांधणार.

आता कोण बांधणार? एलेन परवा बोटांवर मोजत बसली होती. लोहार गेला. डेअरीवाला गेला. दुकानदारीण नेस्टवेडला मुलाकडे. पुढे बोटं मिटून घेतली आणि मोजे विणायला लागली. मला काही कमान-बिमान नको, पण तिला हवी आहे. बाईमाणसाला दारावर काहीतरी हवं असतं. इथल्या लोकांना तर ही पद्धतच ठाऊक नसावी. ते लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जातात.

लाउरित्स


थ्युबोरोन, २ फेब्रुवारी १९७१

प्रिय लाउरित्स,

माझी कंबर धरली आहे, एप्रिलमध्ये डॉक्टर प्रवास नको म्हणतो. एलेनसाठी लोकरीची शाल पाठवते.

कमान नसेल तर नसेल. ज्याने बांधायची तो हद्द विकून बसला. तुझ्या दारात त्याचं बोट लागलेली डहाळी असण्यापेक्षा उघडं दार बरं. आलाच तर उभा करू नकोस.

मी म्हातारी झाले तशी कडवट झाले असं धाकटी सून म्हणते. तिला म्हटलं, एका माणसापुरतीच आहे, बाकी सगळ्यांसाठी गोड उरले आहे.

डागमार


चंडोलवाट १४, २ मे १९७१

डागमार,

हे पत्र बसून वाच. एलेन समोर बसली आहे आणि म्हणते, आज टाळलंस तर मी लिहीन.

सोळा तारखेला दुपारी मी खिडकीत उभा होतो. बस थांबली आणि तीतून एक म्हातारा उतरला. दोन्ही खांद्यांवर स्प्रूसच्या डहाळ्यांचे भारे, काठी काखेत. ड्रायव्हर उतरून मागून आणखी एक भारा देत होता. चालण्यावरून ओळखला. मी पडदा ओढला. हो, पडदा ओढला आणि मागे सरकलो, चोरासारखा.

व्हाल्डेमार माझ्या दारी आलाच नाही. सोळा नंबरला गेला, शिक्षकाकडे. बेल वाजवून म्हणाला, मी तुमच्या शेजाऱ्याचा शेजारी, उद्या कमान बांधायची आहे, तुमचं गॅरेज पाहिजे. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्याने शिकवलं. संध्याकाळपर्यंत टिटवीवाटेवरची चार घरं गॅरेजात जमली. बायका कागदी फुलं करत होत्या, हे मला नंतर कळलं. मला आवाज ऐकू येत होते, आणि एलेन माझ्याकडे बघून म्हणाली, आज लवकर झोपू, उद्या झोपल्याचं सोंग करायचंय.

पहाटे ठोकठोक झाली. बाजाऐवजी लोनेने अॅकॉर्डियन वाजवलं, बाकीचे कागदावर बघून गायले, दुसऱ्या कडव्यात सगळे चुकले. दार उघडलं. डागमार, कमान सेहेचाळीस सालासारखीच. तीच बांधणी, डाव्या बाजूला थोडी झुकलेली, तो डावरा आहे ना. वर सोनेरी कागदाचे पन्नास. एलेन तिथेच उंबऱ्यावर रडली. व्हाल्डेमार सगळ्यांच्या मागे उभा होता, टोपी हातात. मी सगळ्यांशी हात मिळवले, त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत एलेनने त्याला आत नेला होता.

आता पुढचं. कमान उतरवायला आठ दिवसांनी बांधणाऱ्यांनाच बोलवायचं आणि जेवू घालायचं, ही आपली रीत. गेल्या रविवारी सगळे आले. डुकराचं भाजलेलं मांस, लाल कोबी, स्नॅप्स. टेबलावर चौदाजण कोंबून बसवले. कार्स्टेनला स्नॅप्स चढलेली. त्याने ग्लास उचलला आणि व्हाल्डेमारला म्हणाला, "गावात ऐकलं की सगळ्यात आधी तुम्ही जमीन विकलीत. तुम्ही नसता तर आज आम्हाला घर नसतं. तुम्हाला धन्यवाद." मनापासून म्हणाला बिचारा. सगळ्यांनी ग्लास उचलले.

व्हाल्डेमार म्हणाला, "कुणीतरी पहिलं असावंच लागतं." आणि प्याला.

मी काटा ताटात ठेवला.

डागमार, पहिली सही माझी. अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरमध्ये, सभाघरात भाषण केलं त्याला सात महिनेही झाले नव्हते. स्वेनला शेत नको होतं, गुडघे जात होते, आणि मला भीती वाटली. सगळे विकतील आणि मी एकटा शेवटचा राहीन, चहूकडे लोकांची घरं आणि मध्ये मी गाईसकट. कंपनीच्या माणसाने म्हटलं, वर्षभर कुणाला कळणार नाही. मी सही केली. मग तो माझा कागद घेऊन व्हाल्डेमारकडे गेला. माझी जमीन गेल्यावर त्याच्या घरून शेताला जाणारी गाडीवाट बंद होणार होती. त्याने माझी सही बघितली, जानेवारीत स्वतःची केली. पण काम मोठ्या रस्त्याकडून सुरू होणार, म्हणून खुंट्या आधी त्याच्या शेतात लागल्या. गावाने तेवढं बघितलं. मी तेवढंच तुला लिहिलं. त्या पत्रात खोटं एक अक्षर लिहिलं नाही, 'समज' म्हटलं. तू समजलीस. तू समजशील हे मला माहीत होतं.

त्याने बारा वर्षं तोंड उघडलं नाही. लोकांनी त्याला पाव कापून देणं बंद केलं आणि मी त्याच रांगेत उभा होतो.

मग मी टेबलावरून उठलो. म्हणालो, "पहिली सही माझी होती." कार्स्टेन हसला, त्याला वाटलं पाहुण्यांपुढे गंमत चालली आहे. लोनेने त्याला कोपर मारलं. मी हद्दीचा दगड, हातावर हात, सगळं सांगितलं. पाहुणे ताटांकडे बघत होते. खरं म्हणजे त्यांना त्याचं काय? त्यांचा कोबी गार होत होता. पण मला सांगायचं होतं ते त्यांना नव्हतंच.

एलेन म्हणाली, "मला माहीत होतं. बारा वर्षं वाट बघत होते." विक्रीचा तो कागद तिला माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडला होता. मी म्हटलं, मग बोललीस का नाहीस? म्हणाली, ते पुस्तक तू उघडशील तेव्हा बोलशील असं वाटलं.

आणि व्हाल्डेमार, त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "कमान उतरवायची आहे ना? शिडी आण." मी शिडी आणली. तो वर चढायला निघाला, शहात्तर वर्षांचा गडी. मी त्याला खाली धरून स्वतः चढलो. तो खालून डहाळ्या घेत होता. हातात हात लागला तेव्हा त्याने काही केलं नाही, मीही नाही. पण हातावर हात मारला गेला, आवाजाशिवाय.

तुझ्या परत पाठवलेल्या पत्रांचं त्याने विचारलं नाही. मी विचारलं. म्हणाला, तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता तू मला काय लिहायचं ते लिही.

लाउरित्स


थ्युबोरोन, ७ मे १९७१

लाउरित्स,

तू माझा भाऊ आहेस, म्हणून हे पत्र परत करत नाही. राग किती आहे ते लिहायला टपालखात्याचा कागद पुरायचा नाही. येन्सच्या दफनाला तू माझा हात धरून उभा होतास, आणि ते काळ्या काठाचं पाकीट मी तुझ्या पाठोपाठ परत पाठवलं. ते तुला मी पत्रात लिहिलं, तरी गप्प राहिलास.

बारा वर्षं तू मला येऊ नकोस म्हणत राहिलास. मला वाटायचं, माझ्या काळजीने.

एलेनला माझा नमस्कार. तुझ्याशी समोरासमोर भांडेन. पाहुण्यांची खोली तयार ठेव, गादी कडक हवी.

डागमार


थ्युबोरोन, ७ मे १९७१

व्हाल्डेमार,

लाउरित्सकडून तुझा पत्ता घेतला नाही. तुझा पत्ता माझ्या हाताला पाठ आहे, आठ वेळा पाकिटाच्या मागून वाचला आहे.

माफी कशी मागतात मला येत नाही, तुला माहीत आहे. तळ्याकाठी नाही म्हटलं तेव्हाही मी फक्त 'थंडी वाजते' म्हणाले होते. तू समजलास. आताही समज.

तू मला एका ओळीत खरं लिहू शकला असतास, पाकिटाच्या बाहेर, कार्डावर, जे मला वाचावंच लागलं असतं. का नाही लिहिलंस? लाउरित्स माझा भाऊ म्हणून? असेल तर मोठा मूर्ख आहेस. मी त्याच्याशी बारा वर्षं न बोलता राहिले असते, तुझ्याशी नाही.

ती पत्रं आहेत का? जाळली असशील तर तसं सांग. असतील तर मला हवी आहेत.

डॉक्टरला न विचारता तिकीट काढलं आहे. चार जूनला फेरीबोटीने पलीकडे उतरून पुढची गाडी धरेन. मला न्यायला कुणी येऊ नये. वाट मला डोळे मिटून येते. स्टेशनवरून उजवीकडे, डेअरी, लोहाराचा झाडोरा, मग तळं. तू तळ्यापाशी उभा राहा. तिथे मला एक राहिलेलं काम आहे.

डागमार


रोस्किल्ड, १३ मे १९७१

प्रिय डागमार,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग मुलीने काढून घेतलं, जेवण गार होत होतं.

कार्डावर का लिहिलं नाही ते सांगतो. सही मीही केली. पहिली की दुसरी, त्याने गाव थोडंच उरतं? तुला स्टेशनवर शब्द दिला होता तो मी दिला होता, लाउरित्सने नाही. तो मोडल्यावर तुझा भाऊही तुझ्याकडून काढून घ्यायचा, हे मला जमलं नाही. गाव सांभाळता आलं नाही. कमान तेवढी केली.

पत्रं आहेत. आठही, तशीच बंद. त्यात फार काही नाही. गहू कसा आला, तळं कधी गोठलं, डेअरीच्या चिमणीवर बगळा बसला होता, लोहाराच्या कुत्रीला पिल्लं झाली. तेव्हा रोस्किल्डला बसून आठवेल ते लिहायचो. तुझ्यासाठी जपून ठेवायला दुसरी जागा नव्हती. आता त्यातली एकही गोष्ट तिथे नाही, तेव्हा वाचायला हरकत नाही.

एक मात्र ऐक. तळ्यापाशी मला उभं करू नकोस. स्टेशन आता पूर्वीच्या जागी नाही, रुळांच्या दुसऱ्या बाजूला गेलं आहे. बाहेर पडून उजवीकडे वळलीस तर मोटारी लावायचं मैदान लागेल. डेअरी नाही, झाडोरा नाही. रस्ते सगळे सारखे आहेत आणि गोल फिरून जिथून निघालो तिथेच येतात. मीच कमान बांधायला आलो तेव्हा बसवाल्याला विचारत आलो. एलेरूपमध्ये तू हरवशील, डागमार.

म्हणून मी फलाटावरच असेन. टोपी तीच आहे, आणि हातात स्प्रूसची एक डहाळी धरीन, म्हणजे एवढ्या वर्षांनी ओळखायला अडचण नको. तुझी पेटी मी उतरवून घेईन, चढवलीही मीच होती.

गाडी अकरा चाळीसला येते. मी दहापासून उभा असेन.

व्हाल्डेमार